पोकळ बॉडीची टेलिकास्टर : स्क्वायर क्लासिक व्हाइब थिनलाइनचे परीक्षण

‘चेंबर्ड बॉडी’ (आतून पोकळ्या कोरलेली बॉडी) असे बिरुद लावलेली इलेक्ट्रिक गिटार विकत घेणाऱ्याला सहसा दोन आश्वासने मिळतात : गिटार हलकी असेल आणि तिचा आवाज अधिक मोकळा असेल. पहिले आश्वासन वजनकाट्यावर तपासता येते. दुसऱ्याची शहानिशा करायची, तर बॉडी कशी पोखरली आहे आणि तारेच्या कंपनाचे पुढे काय होते, हे समजून घ्यावे लागते. फेंडर कंपनीच्या स्क्वायर या स्वस्त ब्रँडच्या क्लासिक व्हाइब मालिकेतील, साठच्या दशकाच्या धर्तीवर बनवलेली टेलिकास्टर थिनलाइन (फेंडरच्या टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारचा पोकळ प्रकार) मी याच दृष्टीने वाजवून पाहिली. तुलनेसाठी शेजारी साधी भरीव टेलिकास्टर होती, दोन्ही गिटारींना एकाच जाडीच्या तारा होत्या आणि ॲम्पही एकच होता.

या रचनेचे मूळ फेंडर कंपनीच्या १९६८ सालच्या थिनलाइनमध्ये आहे. हलके ॲश लाकूड मिळणे तेव्हा अवघड होत चालले होते आणि जड लाकडाच्या टेलिकास्टर खांद्याला नकोशा होत होत्या. रॉजर रॉसमाइझल या जर्मन कारागिराने त्यावर उपाय काढला : मागच्या बाजूने बॉडी कोरायची, मधला पट्टा भरीव ठेवायचा आणि पाठीला लाकडाची पातळ फळी चिकटवून पोकळी बंद करायची. हीच पद्धत त्याने त्याआधी रिकेनबॅकरमध्ये वापरली होती. जाड तारांच्या बाजूला इंग्रजी ‘एफ’च्या आकाराचे छिद्र ठेवल्यामुळे ही पोकळी बाहेरूनही दिसते.

सगळ्या पोकळ बॉडी एकाच पंक्तीत बसवल्या जातात, ते मात्र चुकीचे आहे. गिब्सनच्या १९५८ सालच्या ईएस-३३५ मध्ये वाकवलेल्या कडा, वरखाली प्लायच्या फळ्या आणि मधोमध मॅपलचा ठोकळा असतो. म्हणजे ती गिटार जोडून बांधलेली असते, कोरलेली नसते. याउलट, १९८२ च्या सुमारास गिब्सनने लेस पॉलच्या मॅपलच्या आवरणाखाली महॉगनीत नऊ गोल भोके पाडायला सुरुवात केली. ती बाहेरून अजिबात दिसत नाहीत आणि त्यांचा हेतू केवळ वजन घटवण्याचा होता. थिनलाइन या दोन टोकांच्या मध्ये येते.

कोरून किती वजन वाचते, याचा अंदाज कागदावरही बांधता येतो. टेलिकास्टरची बॉडी सुमारे ४४ मिलिमीटर जाड असते. तीत ३० मिलिमीटर खोल आणि एकूण २५० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या पोकळ्या कोरल्या, तर ७५० घन सेंटिमीटर लाकूड निघते. मध्यम घनतेचे लाकूड धरल्यास हे वजन ४०० ग्रॅमच्या आसपास भरते. आकडा किरकोळ वाटेल, परंतु गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात सलग तीन तास उभ्याने वाजवणाऱ्याला तो किरकोळ वाटणार नाही. अर्थात लाकडाच्या प्रत्येक फळीची घनता वेगळी असल्याने एखादी भरीव गिटारही थिनलाइनइतकी हलकी निघू शकते. त्यामुळे दुकानात गिटार प्रत्यक्ष उचलून पाहावी, नावावर जाऊ नये.

वजन घटल्याचा एक तोटाही आहे. बॉडी हलकी होते, पण मॅपलची नेक (गिटारचा दांडा) तेवढ्याच वजनाची राहते, त्यामुळे हात सोडताच नेकचे टोक खाली झुकण्याकडे कल होतो. टेलिकास्टरच्या आकारात हा प्रकार सौम्य असतो आणि आतल्या बाजूने खरखरीत असलेला रुंद चामडी पट्टा लावल्यास बहुतांशी थांबतो. खरेदीपूर्वी गिटार खांद्याला अडकवून दोन्ही हात सोडून पाहणे एवढी साधी चाचणी पुरेशी आहे.

आता आवाजाकडे वळू. ॲम्प न जोडता वाजवली, तर फरक निर्विवाद आहे. पातळ लाकूड हवेला अधिक हलवते, म्हणून थिनलाइन भरीव टेलिकास्टरपेक्षा स्पष्ट मोठ्याने ऐकू येते. रात्री घरच्यांची झोप न मोडता ॲम्पविना सराव करणाऱ्याला हा मोठाच लाभ आहे. ॲम्प जोडताच मात्र चित्र बदलते. पिकअप (तारांखालचे चुंबक आणि वेटोळे) हवेतला आवाज टिपत नाही. तो चुंबकीय क्षेत्रात हलणारी पोलादी तार टिपतो. बॉडीचा प्रभाव पडतो तो फक्त ब्रिज (बॉडीवरचा, तारा टेकण्याचा भाग) आणि नेककडून तारेची ऊर्जा किती व कोणत्या कंप्रतांवर शोषली जाते, एवढ्यापुरता. थिनलाइनमध्ये ब्रिज भरीव पट्ट्यावरच बसलेला असल्याने हा प्रभाव आणखी मर्यादित होतो. स्वच्छ आवाजात मला जाणवले ते इतकेच की, स्वराच्या सुरुवातीची धार किंचित बोथट होते आणि मधल्या पट्टीतले कॉर्ड जरा अधिक एकजीव लागतात. पिकअपची उंची दोन मिलिमीटरने बदलली, तर याहून मोठा फरक पडतो. ‘पोकळीमुळे लाकडाचा गोडवा येतो’ या जाहिरातीच्या भाषेवर म्हणूनच विसंबू नये.

पोकळीचे खरे अस्तित्व कळते ते आवाज वाढवल्यावर. छिद्र असलेल्या पोकळीतल्या हवेला स्वतःची एक नैसर्गिक कंप्रता असते, तशीच ती वरच्या पातळ फळीलाही असते. स्पीकरचा आवाज त्यांना हलवू लागला की ते कंपन तारांपर्यंत पोहोचते आणि काही स्वर आपोआप रेंगाळू लागतात. मध्यम ओव्हरड्राइव्हवर (ॲम्पने आवाज किंचित खरखरीत केलेला असताना), ॲम्पपासून दोन पावलांवर उभे राहून वाजवले, तर या रेंगाळण्यावर हाताचा ताबा ठेवता येतो आणि ब्लूजच्या संथ लीडमध्ये ते फार शोभून दिसते. माझ्या मते थिनलाइन घेण्याचे सर्वांत सबळ सांगीतिक कारण हेच आहे. जड डिस्टॉर्शनवर (आवाज फार खरखरीत केल्यावर) मात्र हा गुण अंगलट येतो. पोकळ्या लहान असल्यामुळे ही गिटार पूर्ण पोकळ गिटारीइतकी लवकर शिट्टी मारत (फीडबॅक देत) नाही, तरी मेटल वाजवणाऱ्याने हिच्या वाटेला न जाणेच बरे.

बाकी बाबी थोडक्यात. साडेनऊ इंच त्रिज्येच्या वक्रतेचा फ्रेटबोर्ड (बोटे ठेवण्याची फळी) आणि अरुंद, उंच फ्रेट (त्यावरच्या धातूच्या पट्ट्या) यांमुळे तार ताणून घेतलेली मींड सुखाने निघते. ब्रिजवरील तीन सॅडलपैकी (तारा टेकण्याच्या आधारांपैकी) प्रत्येकावर दोन तारा असतात, त्यामुळे वरच्या फ्रेटांवरचा सूर थोड्या तडजोडीनेच जुळतो. ही जुन्या आराखड्याची देणगी आहे. सिंगल-कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची गुणगुण पोकळीमुळे वाढत नाही, पण घरातल्या विजेच्या तारा आणि उपकरणे पाहता ती ऐकू येणार हे गृहीत धरावे. ती सोसवत नसेल, तर याच मालिकेतील सत्तरच्या दशकाच्या धर्तीची थिनलाइन पाहावी. तिच्यात वाइड रेंज जातीचे हमबकर (गुणगुण दाबणारे दुहेरी वेटोळ्याचे पिकअप) आहेत आणि त्यांनी पडणारा आवाजातला फरक दोन्ही गिटारींतल्या पोकळ्यांनी पडणाऱ्या फरकापेक्षा कितीतरी ठळक आहे.