डूला घेतली, तरी सीझर झालं: आठ महिन्यांनंतर लिहितेय

धाकटी परवा आठ महिन्यांची झाली. डूलाबद्दल, म्हणजे बाळंतपणात पैसे घेऊन सोबत करणाऱ्या बाईबद्दल, लिहायला एवढे दिवस मुद्दाम थांबले. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसती स्तुती झाली असती, तिसऱ्यात नुसती कुरकुर.

माझं पहिलं बाळंतपण मे २०२१ चं, पुण्यात, कोरोनाची दुसरी लाट. नवरा गेटबाहेर, आई तापाने घरी. अकरा तास लेबर रूममध्ये एकटी. कुणीतरी पोटावर कोपराने जोर दिला, न सांगता कात्री चालवली, आणि मी ओरडले तेव्हा जे वाक्य कानावर पडलं ते इथे लिहीत नाही. ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे. कागदावर मात्र बाळ-बाळंतीण सुखरूप. घरचे म्हणाले, नॉर्मल झाली, सुटलीस. त्यानंतर बीटाडीनचा वास आला की माझे हात गार पडायचे. लेकीचा गुडघा खरचटला की मलम लावायला नवऱ्याला हाक.

दुसऱ्या वेळी विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीला डॉक्टरांनी न बोलता पोटावर हात ठेवला आणि मी टेबलावरून उठून चक्क बाहेर आले. त्यांची काही चूक नव्हती. रोजचं काम होतं ते. त्याच आठवड्यात मैत्रिणीने डूलाचा नंबर दिला.

डूला म्हणजे सुईण नाही. ती आतून तपासत नाही, बाळाचे ठोके ऐकत नाही, औषध सुचवत नाही, डॉक्टरांशी तुमच्या वतीने भांडत नाही. सोबत राहते. माझ्या डूलाची फी ३८ हजार: आधी चार भेटी, बाळंतपणाला पूर्ण वेळ, नंतर दोन भेटी. विम्यातून एक रुपया मिळाला नाही. आपल्याकडे डूलांना सरकारी परवाना वगैरे नसतो, तेव्हा पारख आपली आपणच करायची. मी तीन जणींशी बोलले. एक पहिल्याच फोनवर 'हमखास नॉर्मल' म्हणाली, तिला तिथेच नमस्कार केला.

जिला घेतलं ती पन्नाशीची. पहिल्या भेटीत म्हणाली, "झालेलं सगळं मला सांगायलाच पाहिजे असं नाही. पुन्हा काय नकोय तेवढं सांग." मी तयारी करून बसले होते, रडायचं वगैरे ठरवलेलं होतं, आणि हिला ऐकायचंच नाही की काय असं वाटून जरा रागच आला. घरी जाऊन यादी केली तर चारच गोष्टी निघाल्या.

दुसऱ्या भेटीत तिने जुनी फाइल मागवायला लावली. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे, आणि निदान तीन वर्षं ते जपून ठेवायचे, असा डॉक्टरांसाठीचा २००२ चा नियम आहे. माझी तीन वर्षं भरायला महिनाच उरला होता. फाइल माझ्या गायनॅक मॅडमनी समजावून सांगितली. इतके दिवस माझ्या डोक्यात होतं की मला कळ देता आली नाही, म्हणून व्हॅक्यूम लावून बाळ ओढून काढावं लागलं. फाइलमध्ये कारण होतं, बाळाचे ठोके पडले होते. वेळेसकट लिहिलेलं. त्या पानाचा फोटो अजून फोनमध्ये आहे.

मग आमचा कागद. अर्धं पान, मराठीत, कारण लेबर रूममधल्या मावशींनाही वाचता यायला हवा. हात लावण्याआधी सांगा. आतून तपासताना मी 'थांबा' म्हटलं तर थांबा. मला नावाने हाक मारा. काही बिघडलं तर आधी मला सांगा, मग नवऱ्याला. बास. बत्तिसाव्या आठवड्यात मॅडमना दिला, त्यांनी एक प्रत फाइलला लावली. हॉस्पिटलशी तेव्हाच बोलून ठेवलं की नवरा आणि डूला दोघंही आत असतील. हे आधी विचाराच, खूप ठिकाणी एकालाच सोडतात. सरकारी रुग्णालयांत बाळंतपणाला सोबतीण ठेवायला केंद्राने २०१६ मध्येच परवानगी दिली आहे, पण दारावरच्या माणसाला ती माहीत असतेच असं नाही.

कळा रात्री अकराला सुरू झाल्या. पहाटे तीनला दाखल, पावणेचारला ताई, म्हणजे माझी डूला, हजर. पिशवीत शेकायची पिशवी, खोबरेल तेल, दोन टेनिस बॉल, स्ट्रॉ. कळ आली की मी पलंगाच्या कठड्यावर ओणवी व्हायची आणि ती मागून दोन्ही तळव्यांनी कंबर आत दाबायची. दर वेळी आधी विचारायची, "दाबू?" मग दाबायची. सहा तास. दर तीन-चार मिनिटांनी "दाबू?" शेवटी मी खेकसले, "अगं विचारतेस काय, दाब की!" एरवी तिला अहो-जाहो करते मी. ती हसली, आणि पुढच्या कळेला पुन्हा, "दाबू?"

दहाला गर्भाशयाचं तोंड उघडायचं सात सेंटीमीटरवर अडलं. पाणी हिरवट आलं, ठोके खाली जायला लागले. मॅडम स्टूल ओढून समोर बसल्या आणि सीझर म्हणाल्या. ताईने शिकवलेला एकच प्रश्न मी विचारला, "किती वेळ आहे?" "पंधरा मिनिटं. त्याच्या पुढे मी थांबणार नाही." त्यातली दोन मिनिटं मी रडले, मग हो म्हटलं. ऑपरेशन थिएटरमध्ये ताईला सोडलं नाही. पण कागद आत पोचला होता. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "आता पाठीला गार लागेल, मग टोचेल. हो म्हणालात की करतो." गार लागलं ते अर्थातच बीटाडीन. वास आलाच. हात गार पडलेच. पण मी हो म्हटलं होतं.

आता तक्रारी. छापील साहित्य सगळं इंग्रजी. कागदाचं मराठी मीच केलं. 'माझं शरीर फुलासारखं उमलतंय' छापाची कार्डं दिली होती, ती मी मोठीला खेळायला दिली. अडतिसाव्या आठवड्यात एका रात्री ताई दुसऱ्या कुणाच्या बाळंतपणात अडकली आणि फोन लागेना. तिची बदली डूला मी फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलेली. आणि सीझरनंतर चौथ्या दिवशी ताईचा मेसेज, "निराश होऊ नकोस हं." मी नव्हतेच निराश! नॉर्मलचा सोस यांच्या डोक्यातूनही पूर्ण जात नाही. जगभरातले अभ्यास एकत्र तपासणारा २०१७ चा कॉक्रेन आढावा सगळ्या डूला दाखवतात: १७ देश, २६ अभ्यास, १५ हजारांवर बायका, सतत सोबत असेल तर सीझर कमी. बरोबर आहे. पण बाळंतपणाची कडू आठवण घेऊन घरी जाणाऱ्याही कमी, असंही त्यातच आहे, ते सांगताना आवाज जरा बारीक होतो.

बाळंतपणानंतरच्या दोन भेटी कमी पडल्या. सहाव्या आठवड्यात मी रात्री बाळ झोपलं तरी जागी असायची. ताईने बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायचा दहा प्रश्नांचा एडिंबरो फॉर्म भरून घेतला आणि सरळ म्हणाली, "हे माझं काम नाही, मॅडमना दाखव." टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला. तिथे मराठीत बोलता आलं, नंतर समुपदेशक गाठली. तिची फी वेगळी.

सासूबाईंचं मत: "आमच्या वेळी सुईण पाच नारळ नि लुगड्यात करायची हे सगळं." मी विचारलं, ती विचारायची का हात लावायच्या आधी? त्या बराच वेळ डिंक तळत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही गं. कुणीच नाही विचारलं."

गेल्या महिन्यात जावेच्या बहिणीने नंबर मागितला. दिला, सोबत आमचा कागदही पाठवला. तिने नावाची ओळ काढून टाकली, तिला म्हणे 'ताई' म्हटलेलंच आवडतं.