पितळेचे 36 नळ ‘फुटले’ आणि मी सही केली

पितळेचा नळ फुटत नाही. वॉशर जाईल, आटे जातील, फार तर वरचं पॉलिश उडेल. वॉश बेसिन फुटतं, फ्लशची टाकी तडकते, ते आम्ही धरूनच चालतो. पण गेल्या मार्चअखेरच्या स्टॉकच्या कागदावर ‘फुटतूट’ या सदरात ‘नळ पितळी अर्धा इंची, 36 नग’ असं छापलंय आणि खाली माझी सही आहे. बावीस वर्षं पाईप-फिटिंग विकणाऱ्या माणसाची सही. त्या दिवशी कागद वाचला असता तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं.

आमचं होलसेल दुकान बेळगावात, गोडाऊन उद्यमबागेच्या बाजूला. गिऱ्हाईक दोन राज्यांतलं. खानापूर, नंदगड, जांबोटी, बिडी ही अलीकडची, कर्नाटकातली, त्यांच्या बिलावर राज्याचा कोड 29 आणि सीजीएसटी-एसजीएसटी. शिनोळी ओलांडून महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजकडं गेलं की कोड 27 आणि आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा कर. एल्बो तोच, बिलं दोन तऱ्हेची. हे सगळं चौदा वर्षं एकच माणूस सांभाळत होता. पूर्वी शिकवण्या घ्यायचा म्हणून आम्ही सगळे त्याला मास्तर म्हणायचो. अजूनही तोंडात तेच येतं, त्याला इलाज नाही.

हिशेब टॅली या सॉफ्टवेअरवर. पेठेत बहुतेकांकडं तेच असतं आणि दोष त्याचा नाही, हे आधीच सांगतो. चार कॉम्प्युटर झाले तेव्हा सॉफ्टवेअरवाल्या पोरानं मला बसवून नीट समजावलं होतं. बिलिंगच्या युजरला फक्त विक्रीचं बिल करता येईल. जुनी तारीख टाकता येणार नाही. क्रेडिट नोट (माल परत आला की गिऱ्हाइकाची बाकी कमी करणारी नोंद), स्टॉक जर्नल (मालाचा साठा कमी-जास्त करणारी नोंद), एंट्री खोडणं हे फक्त ओनर लॉगिनला. पासवर्ड माझ्याकडं. मी मान डोलावली, चहा पाजला, झालं.

ही शिस्त टिकली जेमतेम चार महिने. मडगावला भाचीचं लग्न होतं. हॉलमध्ये बँड वाजतोय, मी पंगतीत उभा, आणि मास्तरांचा फोन: “शेठ, एका बिलाची दुरुस्ती राहिलीय, उद्या अकरा तारीख, जीएसटीआर-वन, विक्रीचं रिटर्न भरायचंय. काम अडलंय बघा.” बँडमुळं त्यांना ऐकू जाईना, म्हणून मी एका कानात बोट घालून ओरडत पासवर्ड सांगितला. नातवाचं नाव आणि जन्मसाल. वाढप्यालासुद्धा पाठ झाला असेल. परत आल्यावर बदलायला हवा होता. बदलला नाही, कारण त्यानंतर मला कुणाचा फोन येईना आणि ते मला फार बरं वाटत होतं.

त्या पासवर्डानं मास्तरांनी काय केलं ते मला दोन वर्षांनी कळलं. ओनर म्हणून आत गेले आणि बिलिंगच्या रोलचे हक्क वाढवले. क्रेडिट नोट करता येईल, स्टॉक जर्नल करता येईल, मागची तारीख टाकता येईल. स्वतःच्या लॉगिनचा एक हक्कसुद्धा वाढवला नाही. बिलिंगच्या युजरांचे पासवर्ड त्यांनीच ठेवलेले, 1234 आणि 4321, आणि पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेले.

रीत अशी होती. खेड्यातला दुकानदार बसनं बेळगावात येतो, नवा माल बघतो आणि मागची बाकी रोख देऊन जातो. पैसे घेणार मास्तर. पावतीपुस्तकातली पावती फाडून, शिक्का मारून देणार. पण टॅलीत जमेची एंट्री नाही. त्याऐवजी तेवढ्याच रकमेची क्रेडिट नोट, कारण ‘माल परत आला’. दुकानदाराच्या खात्यावर बाकी शून्य, त्याची तक्रार असायचं कारण नाही. रोकड खिशात. मग हिशेबात परत आलेला पण गोडाऊनमध्ये नसलेला माल उरतो. तो वर्षअखेर स्टॉक जर्नलनं फुटतुटीत घालायचा. पैसे घेणारा, क्रेडिट नोट करणारा आणि स्टॉक जुळवणारा हात एकच, त्यामुळं कुठंच काही खटकत नाही.

माणूस हुशार होता, हे मान्य करायलाच हवं. क्रेडिट नोटा फक्त जीएसटी नंबर नसलेल्या बारक्या दुकानदारांच्या नावावर. नंबर असलेल्याच्या नावावर केली की ती आपल्या जीएसटीआर-वनमधून त्याच्या टू-बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या त्याच्या खरेदीच्या कराच्या उताऱ्यात, दिसते. नंबर नसलेल्याला कुठं काय दिसणार?

नंदगडच्या एका दुकानदारानं गेल्या वर्षी नंबर घेतला. आमच्या बिलिंगच्या मुलीनं तो इमानदारीत पार्टीच्या खात्यात भरून टाकला. मास्तरांना पत्ता नाही. जानेवारीत त्यांनी सवयीनं त्याच्या नावावर 8,260 रुपयांची क्रेडिट नोट केली. मूळ रक्कम 7,000, कर 1,260. फेब्रुवारीच्या 14 तारखेला टू-बी आलं, त्यात त्याचं 1,260 चं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, कमी झालेलं. त्याच्या टॅक्सवाल्यानं विचारलं, त्यानं मला फोन केला.

“काय ओ शेठ, आम्ही कवा माल परत केलाव? रोख पैसे देऊन पावती घेतलोय की!”

मी त्याच दिवशी नंदगडला गेलो. गल्ल्याच्या मागं खिळ्याला तार, तारेत खोवलेल्या आमच्या पावत्या. मास्तरांची सही, आमचा शिक्का. एकूण सहा. दुकानात येऊन ताडून बघितल्या तर सहापैकी एकही जमा नाही.

इथं मी माझ्या आयुष्यातली मोठी घाण केली. क्रेडिट नोट उघडून कुणी केली ते बघितलं. एडिट लॉगमध्ये, म्हणजे कुणी कधी काय नोंदवलं-बदललं याच्या टॅलीतल्या नोंदीत, युजरचं नाव होतं बिलिंगच्या मुलीचं. वडगावची मुलगी, बीकॉम झालेली, वडील विणकर. मी तिला काउंटरवर, दोन गिऱ्हाइकांसमोर विचारलं, “हे काय आहे?” ती म्हणाली, “काका, मी क्रेडिट नोट करत नाही.” मी स्क्रीन तिच्याकडं फिरवली आणि म्हणालो, “नाव तुझं आहे.” ती पर्स घेऊन गेली. मास्तर शेजारीच बसले होते. म्हणाले, “हल्लीची पोरं, शेठ.”

एडिट लॉगची गोष्ट अशी की कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असा माग ठेवणं सक्तीचं आहे. आमची पार्टनरशिप, आम्हाला सक्ती नाही. तरी अपडेटच्या वेळी सॉफ्टवेअरवाल्यानं एडिट लॉगचीच आवृत्ती बसवून दिली, जी बंदच करता येत नाही. मास्तर तेव्हा हसले होते, “आपण काय लिमिटेड कंपनी आहोत?” बहुतेक तेव्हापासूनच त्यांनी दुसऱ्यांच्या लॉगिनमधून काम सुरू केलं.

रात्री सीएंच्या ऑफिसात तोच लॉग पुन्हा उघडला. त्यांनी पेन्सिल नावावर नाही, शेजारच्या रकान्यावर ठेवली. नोटेची तारीख 8 जानेवारी. पण ती प्रत्यक्षात केली 15 जानेवारीला, रात्री 8 वाजून 40 मिनिटांनी. सहाला दुकान सोडणारी मुलगी, आणि त्या आठवड्यात ती घरच्यांबरोबर सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर होती. रजेचा अर्ज माझ्याच ड्रॉवरमध्ये. नाव वाचायला मला एक क्षण लागला होता, वेळ वाचायला सहा तास.

मग सगळंच काढलं. दोन वर्षांत 94 क्रेडिट नोटा, 6,37,200 रुपये. 36 त्या मुलीच्या नावावर. बाकीच्या 58 तिच्या आधीच्या पोराच्या नावावर, आणि त्यातल्या 21 तो नोकरी सोडून गोव्याला गेल्यानंतरच्या! माणूस गेला, युजर चालूच राहिला.

आणि वर हे. क्रेडिट नोटांमुळं आमचा विक्रीवरचा कर तेवढा कमी भरला गेला होता. विक्री तर झालेलीच होती. म्हणजे 97,200 रुपये कर, त्यावर सालाना 18 टक्क्यांनी व्याज, हे पदरचं भरलं. खाल्लं त्यानं, ढेकर मी दिला.

मास्तरांना समोर बसवलं तेव्हा ते रडले वगैरे नाहीत. एवढंच म्हणाले, “शेठ, पासवर्ड तुम्हीच दिलात की.” दोन लाख नातेवाइकांकरवी आले, नंतर बंद. पोलिसांत गेलो. नोकरानं केलेल्या विश्वासघाताला 1 जुलै 2024 च्या आधीसाठी आयपीसी 408 आणि नंतरसाठी बीएनएस, म्हणजे नव्या भारतीय न्याय संहितेचं, 316(4) लागतं, आणि आमच्या नोटा दोन्हीकडं पसरलेल्या. तक्रार कन्नडमध्ये लिहायची होती. मला बोलता येतं, लिहिता येत नाही, आणि जिला येतं तिला मी हाकलली होती. बाहेर टायपिंगवाल्याला पैसे देऊन लिहून घेतली. प्रकरण चालू आहे.

मास्तर गेल्यावर तीन आठवड्यांनी कळलं की त्यांचा ईमेल टॅलीत रिमोट युजर म्हणून तसाच आहे. घरी बसून आमची वही उघडता येत होती. जीएसटी पोर्टलवर मोबाईल नंबर कुणाचा? त्यांचाच. दोन वर्षं आमचे ओटीपी त्यांच्या खिशात वाजत होते. तुमच्या पोर्टलवर कुणाचा नंबर आहे, हे पुढचं वाचायच्या आधी बघून या. खरंच बघा.

आता रोकड मुलगा घेतो, त्याला क्रेडिट नोट उघडतसुद्धा नाही. क्रेडिट नोट मीच करतो, तीही गोडाऊनच्या पोराची आवक चिठ्ठी हातात आल्यावर, आणि फुटलेला माल डोळ्यांनी बघतो. मागच्या तारखेचे दिवस शून्य. महिनाअखेर प्रत्येक दुकानदाराला त्याचा खातेउतारा व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, नंबर असो वा नसो. काम अडतं, होय. परवा दवाखान्यात होतो तर एक नोट दोन दिवस थांबली. थांबली तर थांबली.

त्या मुलीच्या घरी मी स्वतः गेलो, माफी मागितली, परत ये म्हणालो. ती आली नाही. राहिलेला पगार न्यायला वडिलांबरोबर दुकानात आली तेव्हा वडील बसले नाहीत, चहाही घेतला नाही. तिनं पाकीट घेतलं आणि विचारलं, “काका, त्या एंट्रीवरचं माझं नाव निघतं काय?”

मी सॉफ्टवेअरवाल्याला तिच्यासमोरच फोन लावला. तो म्हणाला, निघत नाही, पुसता येऊ नये म्हणूनच तो लॉग असतो. फोन स्पीकरवर होता.