गुणवत्ता यादीसाठी एक्सेल: हिशेब चोख, तारखा दगाबाज

काही हजार अर्ज, एक अभ्यासक्रम आणि एकच यादी एवढं काम असेल, तर प्रवेश कक्षाला एक्सेलइतकं सोयीचं दुसरं साधन नाही. बेरीज, टक्केवारी, क्रम, सगळं झटपट होतं. हिशेबाबद्दल तक्रार नाहीच. पण भरलेली माहिती ते न विचारता बदलतं आणि त्याची झळ विद्यार्थ्याला बसते.

अर्ज क्रमांक ००४५१७ टाकला की ४५१७ उरतो. १६ आकडी ओळख क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण संख्येचे १५ आकडेच टिकतात. म्हणून कॉलम आधी टेक्स्ट, म्हणजे मजकूर प्रकारचा करा, मग माहिती भरा. उशिरा केलं तर गेलेले आकडे परत येत नाहीत. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, डबल क्लिकने उघडू नका, डेटा टॅबमधून आत घ्या. देवनागरी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसत असतील तर यूटीएफ-८ हे अक्षरांचं एन्कोडिंग तिथेच निवडता येतं. एवढं करूनही दुबार नोंदी मोजायला वापरलेलं काउंटइफ फंक्शन फसवतं: पहिले १५ आकडे जुळले की दोन वेगळे क्रमांक दुबार ठरवतं. अर्ज बाद करण्याआधी दोन्ही नावं स्वतः पाहा.

जन्मतारखेचं दुखणं सगळ्यात मोठं. संगणकाची सेटिंग महिना आधी धरणारी असेल तर ०३/०४/२००७, म्हणजे ३ एप्रिल, ही ४ मार्च होते. २५/०४/२००७ मात्र तारीख न होता मजकूर म्हणून पडून राहते. वरवर दोन्ही सारख्याच. खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला लागते, मजकूर डाव्या, एवढीच खूण. आता समान गुणांत वयाने मोठा तो वर, असा नियम लावून चढता क्रम दिला की मजकूर झालेल्या तारखा सगळ्या खऱ्या तारखांच्या खाली जातात. मोठा विद्यार्थी मागे पडतो आणि यादी दिसायला निर्दोष! दिवस, महिना, वर्ष वेगळ्या कॉलमांत घेऊन डेट फंक्शनने जोडणं हाच भरवशाचा मार्ग.

गैरहजेरीसाठी 'एबी' लिहिलं की अ‍ॅव्हरेज तो विषयच सोडून देतं. चार विषयांत ८० आणि पाचवा एबी असेल तर सरासरी ६४ यायला हवी, येते ८०. बेरजेला ठरलेल्या विषयसंख्येनेच भागा.

दोघांचे ८७.४५ टक्के दिसतात, तरी क्रम वेगळा लागतो, कारण आत एकाचे ८७.४४६ आणि दुसऱ्याचे ८७.४५४ असतात. नियम दोन दशांशांचा असेल तर राउंड फंक्शनने आकडे दोन दशांशांत आणूनच क्रम काढा.

पसंतीक्रमासह अनेक फेऱ्यांच्या जागावाटपाला मात्र एक्सेल वापरू नये. एक प्रवेश रद्द झाला की मागचे कित्येक जण सरकतात आणि कॉपी-पेस्टच्या नादात एकच विद्यार्थी दोन याद्यांत राहतो.