धानाच्या बांधीतील छिद्रांची नळी: दीड एकरावरील अनुभव
फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सुचवलेल्या पद्धतीची, जमिनीखाली पाणी किती उतरले ते आत पाहता येणारी, सुमारे 30 सेंटिमीटर लांबीची छिद्रांची नळी भंडारा जिल्ह्यातील आमच्या उन्हाळी धानात बसवली. नळीचा छिद्रे असलेला खालचा निम्मा भाग चिखलात रोवून आतला गाळ काढायचा आणि नळीतले पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटर उतरल्यावरच मोटार सुरू करायची, एवढेच काम. धान निसवताना, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना, मात्र बांधीत सुमारे 5 सेंटिमीटर पाणी ठेवावेच लागते. मोटारीच्या फेऱ्या कमी झाल्या, पण तण वाढल्याने निंदणाचा खर्च अंगावर आला. दुकानातील नळीची छिद्रे ओबडधोबड होती. घरातल्या पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यावरही भागले असते. कालव्याच्या पाळीवर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याला मी ती सुचवणार नाही, कारण पुढचे पाणी केव्हा सुटेल हे नळी सांगत नाही.