एफटीडीआयची टीटीएल-२३२आर-३व्ही३ केबल: केजीडीबीसाठी घ्यायची असेल तर हे वाचा

रेटिंग द्यायचंच तर पाचपैकी साडेचार, अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच. लॅपटॉपला बोर्डाच्या सीरियल पोर्टशी जोडणारी ही केबल म्हणजे एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला सहा पिनांचा काळा फीमेल कनेक्टर, मधे १.८ मीटर वायर आणि यूएसबीच्या प्लगच्या आतच यूएसबीचं सीरियल करणारी एफटी२३२आर चिप. दिसायला अगदी साधी. नुसता बूट लॉग (बोर्ड चालू होतानाचे मेसेज) बघायचा असेल तर एवढे पैसे घालू नका, ते काम पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शंभर-दीडशेला मिळणाऱ्या मॉड्यूलवर छान होतं. पण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डीबग करायचा असेल, म्हणजे इकडे लॅपटॉपवर जीडीबी हा डीबगर आणि तिकडे बोर्डावर केजीडीबी, म्हणजे कर्नलच्या आतला त्याचा जोडीदार, तर मी सरळ सांगेन की हीच घ्या, मला सगळं धरून दीड हजाराच्या वर पडली आणि एक रुपया वाया गेला असं वाटत नाही.

का ते सांगतो. केजीडीबी ब्रेकपॉइंटवर (थांबायला सांगितलेल्या ओळीवर) थांबतं तेव्हा एखादी प्रोसेस थांबत नाही, अख्खा कर्नल थांबतो, सगळ्या कोअरसकट. एसएसएच गेलं, वायफाय गेलं, पिंगलासुद्धा उत्तर येत नाही. तेव्हा बोर्ड बाहेर बोलतो तो फक्त सीरियल पोर्टवरून, तेही इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेली हाक) न वापरता, एकेक कॅरॅक्टर पोल करत, म्हणजे पुन्हापुन्हा स्वतःच तपासत. कन्सोल (बोर्डाचे मेसेज आणि लॉगिन) बघताना मधेच एखादं अक्षर गळलं तरी आपल्याला वाचता येतं, पण जीडीबीचं प्रत्येक पॅकेट डॉलरच्या चिन्हाने सुरू होतं, हॅशने संपतं आणि मागे दोन अंकी चेकसम (पडताळणीचा आकडा) असतो, एक अक्षर इकडचं तिकडे झालं की चेकसम जुळत नाही, पॅकेट परत मागवावं लागतं, आणि असं होत राहिलं की स्क्रीनवर 'इग्नोरिंग पॅकेट एरर, कंटिन्युइंग' यायला लागतं. मग माणूस कर्नलचं कॉन्फिग उघडतो, बूट आर्ग्युमेंट बदलतो, जीडीबीचं व्हर्जन बदलतो, आणि दोष असतो वायरीत. याआधीची माझी निनावी केबल नेमकी अशीच होती, कन्सोलला एकदम ठणठणीत आणि जीडीबी लावला की गळाठलीच.

मी मुख्यतः बीगलबोन ब्लॅक या छोट्या लिनक्स बोर्डावर काम करतो आणि तिथे ही केबल जणू त्याच बोर्डासाठी बनवलीय अशी बसते. बोर्डावर जे१ नावाचं सहा पिनांचं हेडर आहे, पहिल्या पिनेशेजारी छोटं टिंब छापलंय, काळी वायर त्या बाजूला ठेवायची आणि दाबायचं, झालं. टीएक्स-आरएक्सची (पाठवायच्या आणि घ्यायच्या वायरींची) अदलाबदल आपण करायची गरज नाही. सिग्नलची लेव्हल ३.३ व्होल्ट, बोर्डाची पण तीच. बाहेरून लावलेल्या जंपर वायरी हात लागला की निसटतात आणि नेमक्या डीबगच्या मधेच निसटतात, इथे तो प्रकारच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुठल्याच दुकानाच्या वर्णनात दिसलं नाही. या चिपला लेटन्सी टायमर आहे. बोर्डाकडून आलेला डेटा थोडा असेल तर चिप तो लगेच यूएसबीवर टाकत नाही, बफर भरण्याची किंवा टायमर संपण्याची वाट बघते, आणि लिनक्समध्ये हा टायमर सुरुवातीला १६ मिलिसेकंदांवर असतो. मोठी फाईल पाठवताना याने काही बिघडत नाही. पण जीडीबीची पॅकेटं असतात चिमुकली, एक पाठवायचं, पोच घ्यायची, उत्तर घ्यायचं, मग पुढचं, आणि एका बॅकट्रेससाठी (कोणतं फंक्शन कोणी बोलावलं त्या यादीसाठी, तिची एकेक पायरी म्हणजे फ्रेम) मेमरीतले कितीतरी छोटे तुकडे असे एकेक करून वाचले जातात. दरवेळी थांबायचं म्हटल्यावर पंधरा-वीस फ्रेमचा बॅकट्रेस डोळ्यांदेखत रांगत येतो. लॅपटॉपच्या सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंगच्या फाईली असतात तिथे) यूएसबी-सीरियलच्या खाली या पोर्टच्या फोल्डरात 'लेटन्सी टायमर' नावाची फाईल सापडेल, त्यात रूट होऊन १ लिहा. तोच बॅकट्रेस लगेच येतो. केबल काढून परत लावली की आकडा पुन्हा १६ होतो, म्हणून मी यूडेव्हचा रूल करून टाकलाय, म्हणजे केबल लावली की ते आपोआप होतं.

वेगाची दुसरी मर्यादा मात्र केबलची नाही. १,१५,२०० बॉडला (सीरियलच्या वेगाचं माप) सेकंदाला जेमतेम ११,५२० बाइट जातात, त्यात जीडीबी मेमरीचा एकेक बाइट दोन हेक्स अक्षरांत मागवतो, म्हणजे हातात निम्मंच पडतं. १२८ केबीचा कर्नल लॉग जीडीबीच्या स्क्रिप्टने वाचायला बसलात तर चहा करून या. चिप तशी ३ मेगाबॉडपर्यंत जाते पण मी १,१५,२०० वरच राहतो, कारण डीबग करताना मला वेगापेक्षा भरवसा जास्त लागतो.

जीडीबी जोडलाच जात नसेल तर मी कुठून बघतो ते लिहून ठेवतो, खूप जण यातच अडकतात. आधी बोर्ड बाजूला ठेवायचा, केबलची नारिंगी आणि पिवळी म्हणजे टीएक्स-आरएक्स एकमेकांना जोडायची, टर्मिनल उघडून टाईप करायचं, टाईप केलेलं परत दिसलं तर केबल, ड्रायव्हर आणि परमिशन तिन्ही ठीक. दिसलं नाही तर आपण डायलआउट ग्रुपमध्ये (ज्याला सीरियल पोर्ट वापरायची परवानगी असते) आहोत का ते बघा, आणि मिनिकॉम हे टर्मिनल वापरत असाल तर त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल (जादा वायरींवरून 'पाठव-थांब' सांगणं) चालू असतं ते बंद करा, कारण काळी, नारिंगी आणि पिवळी अशा तीनच वायरींवर ते चालू राहिलं की बोर्डाचं दिसतं पण आपलं टाईप केलेलं जातच नाही. मग बोर्ड. तिथे नेहमीचा गुन्हेगार म्हणजे लॉगिन प्रॉम्प्ट. कर्नल थांबवायच्या आधीच जीडीबीने टार्गेट रिमोट (जोडणीची कमांड) केलं तर पलीकडे केजीडीबी नसतो, गेटी हा लॉगिन दाखवणारा प्रोग्राम असतो, तो जीडीबीच्या पॅकेटला युजरनेम समजतो. जीडीबीत 'सेट डीबग रिमोट १' केलंत तर लॉगिनची ओळच्या ओळ 'जंक' म्हणून छापलेली दिसते, मग शंकाच राहत नाही. म्हणून आधी बोर्डावर सिसआरक्यू ट्रिगरच्या फाईलमध्ये (कर्नलला थेट हुकूम द्यायची फाईल) 'जी' हे अक्षर लिहायचं, कर्नल थांबू द्यायचा, टर्मिनल बंद करून पोर्ट मोकळा करायचा, आणि मगच जीडीबी. बूटच्या सुरुवातीलाच पकडायचं असेल तर कर्नलच्या कमांड लाईनमध्ये केजीडीबीओसीला पोर्टचं नाव आणि बॉड द्यायचं आणि पुढे केजीडीबीवेट. जोडणी झाली पण फंक्शनची नावं भलतीच दिसतायत, तर बोर्डावरचा कर्नल आणि हातातली व्हीएमलिनक्स (नावांसकट असलेली कर्नलची फाईल) एकाच बिल्डची आहे का बघा, आणि केएएसएलआर (दर बूटला कर्नलचा पत्ता बदलणारी सोय) असेल तर नोकेएएसएलआर देऊन बंद करा. आणि हार्डवेअर वॉचडॉग (बोर्ड गोठला समजून रीसेट करणारा टायमर) चालू असेल तर तोही, नाहीतर तुम्ही व्हेरिएबल बघत असताना बोर्ड रीसेट होतो आणि जीडीबी मात्र ढिम्म बसून राहतो.

मला ही केबल खरी पटली ती एका एडीसीच्या (अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपच्या) ड्रायव्हरवर. बोर्ड कधी नीट चालू व्हायचा, कधी ड्रायव्हरचं मॉड्यूल लोड करताच ऊप्स (कर्नलमधली गंभीर चूक), आणि कन्सोलवर दिसायचं एवढंच की इंटरप्ट हँडलरमध्ये, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, नल पॉइंटर (शून्य पत्ता). आता नल कोण आणि का, ते लॉगमधून कळेना, आणि प्रिंटके (मेसेज छापायच्या ओळी) घातले की टायमिंग बदलून ऊप्स गायब. केजीडीबी तयार ठेवलं की ऊप्स आल्याआल्या कर्नल आपोआप डीबगरमध्ये जाऊन थांबतो. जीडीबी जोडला, एलएक्स-सिम्बॉल्स या कमांडने मॉड्यूलची सिम्बॉल्स (फंक्शन-व्हेरिएबलची नावं) चढवली, बॅकट्रेस घेतला, तर हँडलरच्या फ्रेमखाली प्रोबचं (ड्रायव्हरची सुरुवात करणारं) फंक्शन अजून अर्ध्यावरच होतं. ड्रायव्हरचं प्रायव्हेट स्ट्रक्चर छापलं, रेजिस्टरचा बेस पत्ता भरलेला, आयआरक्यूचा (इंटरप्टचा) नंबर भरलेला आणि बफरचा पॉइंटर शून्य. म्हणजे ड्रायव्हर बफर घ्यायच्या आधीच रिक्वेस्ट आयआरक्यू, म्हणजे इंटरप्टची मागणी, करत होता, आणि चिपमध्ये आधीचा इंटरप्ट तुंबलेला असला की तो त्याच क्षणी येऊन धडकायचा. दोन ओळी खालीवर केल्या आणि ऊप्स बंद. हे सगळं त्या तीन वायरींवरून, आणि एवढ्या वेळात पॅकेट एरर एकही नाही.

कन्सोल आणि जीडीबी दोन्ही एकाच केबलवर हवे असतील तर एजंट-प्रॉक्सी हा प्रोग्राम घ्या, ते एका सीरियल पोर्टचे दोन टीसीपी पोर्ट करून देतं, एकावर टेलनेटने कन्सोल, दुसऱ्यावर जीडीबी. कर्नल थांबवायला सीरियलवर ब्रेक सिग्नल आणि त्यामागे 'जी' हे अक्षर तेच पाठवू शकतं. इथेही केबल महत्त्वाची, स्वस्त मॉड्यूलांतल्या काही चिप्स ब्रेक नीट पाठवतच नाहीत आणि मग हँग झालेल्या बोर्डाला बाहेरून थांबवायचा मार्गच संपतो.

आता अर्धा गुण कशाचा. पहिलं म्हणजे लाल वायर. केबलच्या नावात ३व्ही३ आहे पण ते फक्त सिग्नलचं, लाल वायरवर यूएसबीचे पूर्ण ५ व्होल्ट येतात. जे१ वर ती पिन कुठे जोडलेलीच नाही म्हणून तिथे काळजी नाही, पण दुसऱ्या बोर्डावर कोणी नावावर विसंबून लाल वायर ३.३ च्या पिनेला लावली तर बोर्ड गेलाच समजा. हे केबलवर ठळक छापायला हवं होतं. दुसरं, रास्पबेरी पायच्या हेडरवर पिनांचा क्रम वेगळा, त्यामुळे मधे जंपर वायरी लागतात: काळी सहाला, पिवळी आठला, नारिंगी दहाला, लाल मोकळी. पाय ३ आणि ४ वर ब्लूटूथने मुख्य यूएआरटी (सीरियल पोर्टचं हार्डवेअर) घेतलेला असतो, डिसेबल-बीटी ओव्हरले (बूटच्या कॉन्फिगमधली सेटिंग) टाकून तो परत घ्या, त्यावर जास्त स्थिर चालतं. आणि ९६बोर्ड्ससारख्या १.८ व्होल्टच्या बोर्डांना ही केबल लावायचीच नाही, त्यासाठी वेगळी मिळते.

घेताना अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडूनच घ्या. एफटी२३२आरच्या नकला बाजारात भरपूर आहेत, २०१४ मध्ये तर कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिप्सचा प्रॉडक्ट आयडी शून्य करून टाकला होता आणि लोकांची उपकरणं ओळखू येईनाशी झाली होती. ज्या केबलवर आपण कर्नलचा दोष शोधणार तिच्याच चिपबद्दल शंका नको.

विंडोजवाल्यांनी मात्र ही घेऊ नये. पीसीचा कॉम पोर्ट आरएस-२३२ चा असतो, त्याचे व्होल्टेज या केबलला झेपणार नाहीत, आणि ज्या मशीनचा कर्नल डीबग करायचाय तिच्यावर यूएसबी-सीरियल चालतही नाही, तिथे खरा कॉम पोर्ट आणि नल मोडेम केबलच लागते. त्यापेक्षा विंडोज ८ पासून विनडीबीजी हा विंडोजचा डीबगर साध्या इथरनेटवरून जोडता येतो, नेटवर्क कार्ड चालणाऱ्यांपैकी आहे का तेवढं आधी केडीनेट चालवून बघा, आणि बीसीडीएडिटने बूटच्या सेटिंग बदलण्याआधी बिटलॉकर आणि सिक्युअर बूट तात्पुरते बंद करा.