तारांची चाकं की अलॉय? येड्या बाभळीच्या मुलखातला माझा हिशेब

ॲडव्हेंचर गाडी, म्हणजे कच्च्या वाटेवरही जाणारी उंच मोटारसायकल, घ्यायची म्हणून सल्ला विचारायला येणारा माणूस आधीच पुष्कळ अभ्यास करून आलेला असतो. ताकद किती, टाकीत पेट्रोल किती बसतं, ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस मागच्या चाकाचं बंद करता येतं का, सगळं तोंडपाठ. मग मी विचारतो, चाकं कुठली घेणार? इथं बहुतेक जण थांबतात. मीही पहिली गाडी घेताना हा विचार केला नव्हता. गाडी उंच होती, तारांच्या चाकांमुळे रुबाबदार दिसत होती, सोलापुरात सात रस्त्यावर सिग्नलला थांबलो की लोक वळून बघत होते. तेवढं पुरे होतं.

पाच वर्षं मी तारांची, ट्यूबवाली गाडी चालवली. नंतरची तीन वर्षं अलॉयची, म्हणजे धातूच्या अखंड ओतीव चाकांची, ट्यूबलेस. दोन्ही सोलापुरात राहून, तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट, पंढरपूर या नेहमीच्या फेऱ्यांना आणि वर्षातून एकदोनदा लांबच्या टूरला. दोन्ही गाड्यांची नावं मुद्दाम सांगत नाही. जे झालं त्यात दोष गाडीचा नव्हता, काट्याचा होता.

बाजारात काय आहे ते थोडक्यात. २०१६ साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आली ती तारांवर, पुढं २१ इंची चाक. हिरोची एक्सपल्स २०० आणि येझदी ॲडव्हेंचर याही त्याच वळणाच्या. दुसऱ्या बाजूला सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स, बीएमडब्ल्यूची आता बंद झालेली जी ३१० जीएस आणि २०२० साली आपल्याकडे आलेली पहिली केटीएम ३९० ॲडव्हेंचर. या अलॉयवाल्या, पुढं १९ इंची. मधला तिसरा मार्ग म्हणजे तारा असूनही ट्यूबलेस. हिमालयन ४५० ला नंतर तशी चाकं मिळू लागली. खिसा परवानगी देत असेल तर हा लेख इथंच सोडा आणि ती घ्या. बाकीच्यांनी पुढं वाचावं.

आधी तारांचं चांगलं सांगतो, कारण पाच वर्षं खाल्लेल्या मिठाला जागलं पाहिजे. तारांचं चाक खड्ड्यात आपटलं की थोडं दबतं, लवतं आणि परत येतं. रिमला बाक आलाच तर कुठल्याही तालुक्याच्या गावी जुना सायकल-मोटारसायकलवाला सापडतो, जो चाक स्टँडवर फिरवून, तारा कमीजास्त ताणून ‘आउट’ काढून देतो. तार तुटली तर तेवढी एक बदलायची. दर आठ-पंधरा दिवसांनी पान्ह्याने तारांवर टकटक करत जायचं. ताणलेली तार ‘टण्ण’ वाजते, सैल झालेली ‘ठप्प’. ही सवय मला फार आवडायची. रविवारी सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून चाकाशी बोलत बसल्यासारखं वाटायचं.

अलॉय असं काही बोलत नाही. ते ओतीव असतं. लहानसहान दणके पचवतं, पण धारदार कडेवर जोरात बसलं तर काठ दबतो किंवा तडकतो. माझं एकदा झालं. रात्रीची वेळ, समोरून ट्रकचा झोत, आणि नव्या-जुन्या डांबराच्या जोडावर वीतभर खोल पायरी. पुढच्या रिमच्या काठाला अंगठ्याएवढी चेप आली. गाडी घरापर्यंत आली, पण त्यानंतर रोज सकाळी हवा थोडी उतरलेली असायची. ट्यूब असती तर त्या चेपेचा पत्ताही लागला नसता. ट्यूबलेसमध्ये टायर आणि रिमचा काठ यांच्या बिलगण्यावरच सगळी हवा अवलंबून. ती रिम सरळ करायला पुण्याला पाठवली, दोन आठवडे गाडी घरात ठोकळ्यावर उभी. आणि ठोकून सरळ केलेल्या ओतीव रिमवर पूर्वीइतका भरवसा ठेवू नये, हे वेगळंच. तेव्हा अलॉयवाल्यांनी ‘आपल्याला काही टेन्शन नाही’ असं छातीठोक सांगू नये.

एवढं सगळं तारांच्या बाजूने बोलूनही मी बदललो. त्याचं कारण एका मे महिन्यातल्या रविवारचं आहे.

हत्तरसंग कुडलला गेलो होतो, मी आणि बायको. भीमा आणि सीना जिथं मिळतात ते ठिकाण. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. जो हे वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ. आम्ही ती अक्षर अक्षर लावत वाचली, फोटो काढले, डबा खाल्ला आणि विजयी होऊन परत निघालो. विजापूर रस्त्याला लागायच्या आधीच मागचं चाक डुगडुगायला लागलं.

ट्यूबचं पंक्चर हे असंच. हवा हळू जात नाही, बसतेच. भर दुपार, अंगावर जॅकेट, वर येडी बाभळ, जिची सावलीसुद्धा काटेरी. एक टेम्पोवाला भला माणूस निघाला, त्याने पुढच्या गावापर्यंत गाडी चढवून नेली. तिथला पंक्चरवाला हुशार, पण त्याचा हात स्प्लेंडरवर बसलेला. चाक काढताना बुश कुठलं कुठल्या बाजूचं हे त्याने मला विचारलं, आणि मला सांगता आलं नाही. टायरचा काठ रिमला असा घट्ट बसलेला की शेवटी दुसऱ्या एका मोटारसायकलचं साइड स्टँड त्यावर टेकवून, वरून माणूस बसवून तो सोडवला. ट्यूबला ठिगळ लागलं, चाक बसलं, चेन ताणली. सव्वा तास गेला.

दहा-बारा किलोमीटरवर पुन्हा बसलं.

दुसऱ्या दुकानात ट्यूब बाहेर काढली तर जुनं ठिगळ शाबूत, त्याच्या बोटभर बाजूला नवं भोक. पुन्हा ठिगळ, पुन्हा चेन. तिसऱ्यांदा बसलं ते शहराच्या तोंडाशी. तोवर बायकोने बोलणं बंद केलं होतं. शेवटचा पंक्चरवाला पिकल्या मिशीचा. त्याने ट्यूबकडे बघितलंच नाही. टायर हातात घेऊन म्हणाला, “मालक, काटा आतच हाय की वो.” आम्ही दोघांनी बोटं फिरवली, काही लागेना. मग त्याने डब्यातून कापसाचा बोळा काढला आणि टायरच्या आतून फिरवला. एका जागी कापूस अडकला. तिथं पकडीने ओढल्यावर काट्याचं टोक निघालं, ज्वारीच्या दाण्याएवढंही नसेल. काळ्या रबरात काळपट टोक, बोटाला न लागणारं आणि वजन पडलं की बरोबर ट्यूबला टोचणारं. एका काट्याने आमचा अख्खा दिवस खाल्ला होता.

ट्यूबवाल्या गाडीची ही एकच गोष्ट मला शेवटपर्यंत सहन झाली नाही. पंक्चर होणं मान्य आहे, ज्याने चाकं घेतली त्याने ते धरूनच चालावं. पण निघालेलं पंक्चर खरंच निघालंय की नाही, या शंकेत पुढचे वीस किलोमीटर कमरेखाली कान लावून बसायचं, हे काही जमेना. आणि आपल्याकडे हा प्रश्न कधीमधीचा नाही. बांधावर, ओढ्याकाठी, पडीक रानात येडी बाभळ माजलेली. लोक तोडून कुंपणाला लावतात आणि वाळलेल्या फांद्या रस्त्याकडेला पडतात. मुख्य रस्ता सोडून गडाकडे, तळ्याकडे जायचं म्हणजे त्यांच्यावरूनच जायचं.

आता ट्यूबलेसमध्ये तोच काटा काय करतो? घुसतो आणि बसून राहतो. भोक त्याचं त्यानेच बुजवलेलं असतं. मागल्या हिवाळ्यात नळदुर्गला जाऊन आल्यावर टायर धुताना मला पाच काटे दिसले. किल्ल्यात बोरी नदीच्या बंधाऱ्यातला पाणी महाल आहे, तो कितव्यांदा तरी बघून आलो होतो. एक-एक काटा काढला, साबणाचं पाणी टाकलं. चार जागी काही नाही, पाचव्या जागी बारीक बुडबुडे. चाक जागेवरच, सुळका फिरवून भोक मोठं केलं, डिंक लावलेली रबरी वात आत ढकलली, उरलेली ब्लेडने कापली. बॅटरीवर चालणाऱ्या पंपाने हवा भरली. धुवायला घेतलेलं पाणी गारही झालं नव्हतं, तेवढ्यात काम संपलं. मोजून बघितलेलं नाही, पण गेल्या तीन वर्षांत पंक्चरसाठी मी एकदाही चाक उतरवलेलं नाही.

यात थोडी मखलाशी आहे, ती कबूल करतो. टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर गेली तर वात टिकत नाही. काठ रिमवरून सुटला तर छोट्या पंपाने तो परत बसत नाही, मोठा कॉम्प्रेसर लागतो. म्हणून ट्यूबलेस असूनही लांब जाताना मी एक ट्यूब आणि दोन टायर लिव्हर बरोबर नेतो, तशी वेळ आली तर टायरच्या आत ट्यूब टाकून घरी यायचं. तारावाल्यांना तर ट्यूब न्यावीच लागते, आणि ती २१ चीच न्यावी. अडीअडचणीला ती मागच्या लहान चाकात दुमडून चालते, मागची मात्र पुढं चालत नाही. खेड्यातल्या दुकानात १७-१८ ची मिळेल, २१ ची मागितली की दुकानदार आपल्याकडे बघत राहतो.

कच्च्या रस्त्यावर हवा कमी करून चालवणाऱ्यांसाठी आणखी एक. ट्यूबमध्ये हवा फार उतरवली की दगडावर आपटताना ट्यूब टायर आणि रिमच्या मध्ये चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात, सापाने डसल्यासारख्या. ट्यूबलेसमध्ये चिमटायला ट्यूबच नाही, पण मग मार रिमच्या काठाला बसतो. म्हणजे दोन्हीकडे काहीतरी द्यावं लागतंच. मी हवा फारशी उतरवत नाही, त्यामुळे यावर जास्त बोलायचा अधिकार नाही.

२१ इंची चाक दगडधोंड्यावर चांगलं चढतं, हे निर्विवाद. पण आपल्याकडचा खरा शत्रू दगड कमी आणि काळी माती जास्त. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानातल्या वाटेवर गाडी घातली की चाक १९ असो नाहीतर २१, मडगार्डखाली चिखल लिंपला जातो, चाक फिरायचं थांबतं आणि आपण दोघं काड्यांनी चिखल उकरत बसतो. तिथं सगळे सारखे.

माझा एक मित्र मात्र हे सगळं ऐकून घेत नाही. तो तारांची गाडी घेऊन हिमाचलातल्या स्पितीला जाऊन आला. दगडावर त्याची पुढची रिम वाकली, तिथल्या काझा गावात एकाने तासाभरात आउट काढून दिली आणि हा पुढं निघाला. “तुझं अलॉय असतं तर ट्रकात आलं असतं,” असं तो दर वेळी सांगतो. खोटं नाही. वर्षातले बरेच दिवस डोंगरात, नदीच्या गोट्यांवर काढणार असाल तर त्याचं ऐका. माझं म्हणाल तर सोलापूरहून विजापूर, तिथून होसपेट आणि हंपी, किंवा सांगोला-मिरजेवरून कोल्हापूर आणि पुढं आंबोली, अशाच टूर होतात. बहुतेक किलोमीटर डांबरावरचे, शेवटचे पाच-दहा काट्यांतले. ऊस तोडीच्या दिवसांत ट्रॉल्यांतून पडलेले खिळे-बोल्ट डांबरावर वेगळे. माझ्यासारख्या माणसाला अलॉय जास्त सोयीचं पडेल, असं मला तरी वाटतं.

तारांची गाडी आधीच घेतलेले विचारतात, तारांची भोकं आतून टेप आणि सीलंटने बुजवून ट्यूबलेस करून घेऊ का? करणारे करतात. मी करणार नाही. ट्यूबलेस रिमच्या आत टायरचा काठ धरून ठेवायला एक उंचवटा असतो. ट्यूबच्या रिमला तो बहुधा नसतो. हवा गेली की काठ खाली घसरू शकतो, आणि ते ८० च्या वेगात झालं तर काय, याचा विचारही नको वाटतो. त्यापेक्षा ट्यूब राहू द्या आणि टायर जरा जाड, खोल नक्षीचा घ्या. काटे कमी पोचतात. ट्यूबमध्ये ओतायचं द्रवही मी वापरून बघितलं, ट्यूबचं भोक ताणलं जातं तिथं ते टिकलं नाही. मला तरी.

मेव्हण्याने गेल्या महिन्यात माझ्याकडून हे सगळं दोन कप चहा आणि एक ताट शेंगाचटणी-भाकरी संपवत ऐकून घेतलं. मान डोलावली. आणि गेल्या आठवड्यात तारांचीच, ट्यूबवाली गाडी बुक करून आला. का, तर रुबाबदार दिसते. दसऱ्याला गाडी येतेय. हार-पेढे बाकीचे आणतील. मी २१ ची एक ट्यूब घेऊन ठेवलीय, आणि तिच्यासोबत पिशवीत कापसाचा बोळा.