मॅक्रोहिस्ट्री डेटाबेस नऊ महिने वापरल्यावर: पतसंस्थेच्या एका संचालकाचा अनुभव

ठाण्यात नौपाड्यातल्या एका लहान पतसंस्थेच्या संचालक मंडळावर मी आहे. काही वर्षांपूर्वी आमची मोठी ठेव ज्या सहकारी बँकेत होती, तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. आमची वसुली चोख होती, थकबाकी नावापुरती. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आत जिन्यापर्यंत सभासदांची रांग लागली. एका आजोबांनी पासबुक पुढे करून विचारलं, "अडचणीत ती बँक आली, मग माझे पैसे इथे का अडकले?" त्यांना मला नीट उत्तर देता आलं नाही. ते उत्तर शोधताना मी या डेटाबेसपर्यंत पोहोचलो.

ऑस्कर जोर्डा, मोरिट्झ शुलारिक आणि अॅलन टेलर या तीन अर्थतज्ज्ञांनी तो उभा केला आहे. १८ प्रगत देशांचे १८७० पासूनचे वार्षिक आकडे त्यात आहेत: उत्पन्न, महागाई, व्याजदर, बँकांनी दिलेली एकूण कर्जं, त्यातली गृहकर्जं, घरांच्या किमती. शिवाय एक रकाना असा, की बँकसंकट सुरू झालं त्या वर्षी १, एरवी ०. हे सगळं फुकट आणि एक्सेलमध्ये उघडतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवरही अडलं नाही.

पहिले दोन आठवडे मात्र मी चुकीचं वाचत होतो. कर्जाचे आकडे त्या त्या देशाच्या चलनात आणि त्या वेळच्या किमतींत आहेत. महागाई दाखवणाऱ्या किंमत निर्देशांकाच्या रकान्याने भागल्याशिवाय, किंवा उत्पन्नाशी गुणोत्तर काढल्याशिवाय, त्यांची तुलना करता येत नाही. सोबतची माहितीपुस्तिका आधी वाचावी, ती वेळ वाया जात नाही. महायुद्धांच्या काळात बऱ्याच देशांचे रकाने रिकामे आहेत. तिथे शून्य धरलं, की सरासरीचा विचका होतो.

एकदा हात बसला, की काय दिसतं? संकटाच्या वर्षाआधीची पाच वर्षं घ्या आणि महागाई वजा करून कर्ज किती वाढलं ते पाहा. स्पेन आणि आयर्लंड यांची २००८ च्या आधीची रेघ पाहिली तेव्हा मी खुर्चीतून उठलो. शुलारिक आणि टेलर यांनी २०१२ च्या निबंधात १४ देशांवर हेच दाखवलं होतं, की संकटाची सगळ्यात भरवशाची पूर्वखूण म्हणजे कर्जाची वेगाने झालेली वाढ. प्रत्येक तेजीचा शेवट संकटातच होतो असं नाही, हेही त्याच फाइलमध्ये दिसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुमारे पंचवीस वर्षं संकटाच्या रकान्यात जवळजवळ नुसती शून्यंच आहेत. पुढे १ परत दिसू लागतात. बँकांच्या कर्जात घर-जमीन तारण ठेवून दिलेल्या कर्जांचा वाटा १९०० च्या सुमारास साधारण ३० टक्के होता, तो आता ६० टक्क्यांच्या घरात आहे. घोडबंदर रोडवरचे टॉवर रोज पाहणाऱ्या माणसाला हा आकडा परका वाटत नाही.

माझी एक पक्की समजूतही मोडली. आमच्या सभेत कुठल्याही बँकेत ठेव ठेवण्याआधी आम्ही भांडवल पर्याप्तता, म्हणजे कर्जांतली जोखीम पेलायला बँकेचं स्वतःचं भांडवल किती टक्के आहे, ते पाहायचो. आकडा चांगला असला, की ठराव मंजूर. याच संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२१ मध्ये दाखवलं, की बँकांचं भांडवल जास्त म्हणून देशात संकट येण्याची शक्यता कमी झाली, असं इतिहासात आढळत नाही. भांडवल उपयोगी पडतं ते संकटानंतर, कारण भांडवल भक्कम असलेल्या बँकांचे देश लवकर सावरतात. हे देशपातळीवरचं निरीक्षण आहे, एकेका बँकेला तसंच लावू नये. पण तेव्हापासून भांडवलाच्या आकड्याशेजारी मागच्या पाच वर्षांची कर्जवाढही मी लिहून मागतो. आमचे खजिनदार सुरुवातीला वैतागले, आता तेच आधी विचारतात.

आता उणीव, आणि माझ्या दृष्टीने ती मोठी आहे. आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर यात नाही. एकूण कर्जाच्या रकान्यात वित्तसंस्था सोडून इतर खासगी कर्जदारांना दिलेलं कर्जच धरलं आहे. म्हणजे एका बँकेने दुसरीकडे ठेवलेला पैसा त्यात येतच नाही. ठेवींखेरीज इतर मार्गांनी बँकांनी किती पैसा उभारला याचं गुणोत्तर आहे, पण तेही अख्ख्या देशाचं. संकटाची लागण मात्र संस्थेकडून संस्थेकडे होते. त्यासाठी क्रिस मिचनर आणि गॅरी रिचर्डसन यांचं महामंदीवरचं काम वाचावं लागलं. अमेरिकेतल्या गावोगावच्या बँका आपली गंगाजळी न्यूयॉर्क-शिकागोच्या मोठ्या बँकांत ठेवत. गावात रांगा लागल्या, की त्या ठेवी काढून घेत, आणि शहरातल्या बँका उद्योगांचं कर्ज आखडत. वाचताना आमचाच जिना डोळ्यांपुढे आला. फक्त आमच्याकडे कळ वरून खाली आली. पतसंस्थेतल्या ठेवींना ठेव विमा नाही, आणि संस्थेने बँकेत ठेवलेली रक्कम कितीही मोठी असली तरी विम्याच्या हिशेबात ती एकाच ठेवीदाराची. शेकडो सभासदांच्या बचतीला मिळून आजची पाच लाखांची एकच मर्यादा. आजोबांना हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

दुसरी उणीव म्हणजे भारत यात नाही. आशियातून एकटा जपान. मुंबईत १८६५ मध्ये कापसाच्या तेजीवर चढलेले शेअर कोसळले आणि शेअर तारण घेऊन कर्ज देणारी बँक ऑफ बॉम्बे त्यात संपली, ते सगळं १८७० च्या आधीचं म्हणून बाहेर. १९१३ मध्ये लाहोरची पीपल्स बँक आणि मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाली. १९१८ पर्यंत देशभरात ९४ बँका गेल्या. तेही बाहेर. ही माझ्याच शहराच्या शेजारची संकटं, आणि त्यांची साधी ओळसुद्धा या फाइलमध्ये नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाचपैकी चार गुण देईन. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि पतसंस्था चालवणाऱ्यांनी जरूर उतरवून घ्यावा. एक सूचना: नवी आवृत्ती आली, की जुन्या फाइलवर चढवू नका, दोन्ही जपून ठेवा. संकटांच्या वर्षांमध्ये मधूनमधून दुरुस्त्या होतात, आणि काय बदललं ते जुनी फाइल असेल तरच कळतं.